अकरा हात दोरी

१

निळ्या खडूनं भिंतीवर रेघ मारत मारत वायरमन धम्मदीप मधल्या घरातून पुढं सरकला आणि त्या फ्रेमपाशी येऊन थांबला.

"काकू, हे काढावं लागंल."

शिवकांता स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करताच तिनं विचारलं, "बाजूनं नाही का नेता येणार?"

"बाजूनं नेली की पाईपाला दोन वाकणं वाढतात. वायर ओढताना अडकती मग." त्यानं फ्रेममधली अक्षरं बोटानं वाचली. "मठाच्या महिला मंडळातर्फे... आदर्श सून. तुमचं हाय का हे?"

"त्यांनी दिलं, यांनी लावलं."

"याचा एक फोटो काढून नेतो. बायकोला न्हाई दाखवत, घरात भांडण नको. आईला दाखवतो. ती म्हणती असल्या सुना आता बाजारातून उठल्या."

शिवकांता हसली, पण सूप खाली ठेवून लगेच उठली. फ्रेम तिनं स्वतःच काढली, त्याला हात लावू दिला नाही. काच पदरानं पुसत ती उगीच तिथंच घुटमळत राहिली.

देवणीतलं हे घर वीस वर्षांचं. लाकडी पट्ट्यांवरून फिरवलेली जुनी वायर आता ठिकठिकाणी कडक होऊन तडकली होती. शिवकांताची मुलगी अक्षरा औशाला सासरी, सातवा लागलेला, पहिलं बाळंतपण. आठवड्यात ती माहेरी येणार होती, म्हणून शिवकांताचा नवरा उमाशंकर यानं सगळी फिटिंग भिंतीच्या आतून करून घ्यायचं काढलं. अक्षरासाठी शेवटची खोली ठरली होती. त्या खोलीला घरात सगळे अजून आत्याबाईंची खोली म्हणत. आत्याबाई म्हणजे शिवकांताची सासू, गंगम्मा. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. खाटेच्या उशाशी एक बटण आणि स्वयंपाकघरात बेल, ही उमाशंकरची खास सूचना. पोरीला रात्रीबेरात्री हाक मारायला लागू नये.

"हे बघा," धम्मदीप म्हणाला. फ्रेममागच्या जागेवर त्यानं हातोडीचा दांडा वाजवला. "हे कुणीतरी बुजवलंय."

रुपयापेक्षा थोडा मोठा, भिंतीच्या रंगाला न जुळणारा पांढरा गोल.

"खिळ्याचं भोक असेल जुनं," शिवकांता म्हणाली.

"खिळ्याचं? यातून माझा अंगठा जाईल काकू."

"मोठा खिळा होता."

तो खडूची रेघ त्या गोलावरून सरळ पुढं घेऊन गेला. शिवकांता परत तांदळाशी बसली. ते भोक तिनंच बुजवलं होतं, एका दुपारी, पांढरं सिमेंट वाटीत कालवून, चहाच्या चमच्यानं.

२

गंगम्मा बिदरकडच्या. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. सुनेला त्यांनी नावानं कधी बोलावलं नाही. "बारव्वा" म्हणायच्या, म्हणजे ये गं बाई. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तीच हाक.

हात सदा सुतात. गल्लीतल्या निम्म्या माणसांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा त्यांनी वळलेला असायचा. डावखुऱ्या होत्या. डाव्या मांडीवर डाव्या हातानं पीळ द्यायच्या, त्यामुळं त्यांच्या दोऱ्याचा पीळ जगाच्या उलटा. बायका थट्टा करायच्या, गंगम्माचा दोरा लांबूनसुद्धा ओळखू येतो.

मग झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला.

उमाशंकरचं बाजारात भांड्यांचं दुकान. त्यानं पितळेची एक लहान घंटा आणली. आईनंच वळून ठेवलेले दोरे पेटीत होते, ते एकात एक गुंफून दोरी केली. खाटेपासून निघायची, भिंतीच्या भोकातून मधल्या घरात यायची, छताखालच्या चार हुकांवरून स्वयंपाकघरात घंटेपर्यंत. मोजून अकरा हात. घंटेच्या कडीला शिवकांतानं सुरगाठ मारली, कधी धुवायला काढायची झाली तर एका ओढीत सुटावी म्हणून.

आत्याबाईंचं ओढणं वेगळंच होतं. एकदा लांब. मग हात दमायचा, थांबायच्या. मग एकदा आखूड. शिवकांता असेल तशी धावायची, पिठाच्या हातानं, ओल्या केसांनी. शेजारच्या कस्तुराबाई दारात उभ्या राहून सांगायच्या, "घंटी वाजली की ही अशी पळती, जशी शाळाच सुटली." चार वर्षं तिनं त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. मंडळानं फ्रेम दिली ती उगीच नाही दिली.

फ्रेममधलं सगळं खरं होतं. चार वर्षांतला एक तास सोडला, तर सगळं खरं होतं.

३

तीन दिवसांत भिंतींना झिऱ्या पडल्या, त्यांत पाईप बसले, वरून सिमेंट लिंपून झालं. घरभर तांबूस धूळ. आता राहिलं होतं पाईपांतून वायर ओढणं. धम्मदीपचा जोडीदार इस्लापूरला मेहुण्याच्या लग्नाला गेला होता, म्हणून तो एकटाच.

पाईपातून आधी स्प्रिंग घालतात, लांब लवचीक पट्टी. ती दुसऱ्या तोंडातून बाहेर आली की तिला वायर बांधून ओढून घ्यायची. पुढच्या खोल्यांचं काम तासाभरात उरकलं. मग तो स्वयंपाकघरात आला. देवघराच्या कोपऱ्याजवळच्या बोर्डातून त्यानं आत्याबाईंच्या खोलीकडं स्प्रिंग सोडली.

"काकू, तिकडं बघता का जरा, निघाली का तोंडातून?"

शिवकांता खोलीत गेली. खाटेच्या उशाशी भिंतीत चौकोनी पेटी, पेटीत पाईपाचं काळं तोंड. रिकामं.

"नाही रे."

"आता?"

"नाही."

तो स्प्रिंग सोडत राहिला, तिला आवाज येत होता, पट्टी पाईपाच्या आत घासत जाण्याचा. भिंतीतून तो आवाज तिच्याजवळ येत गेला. खाटेपाशी आला. आणि खाटेपाशी येऊन पुढंच गेला, जिकडं पाईप नव्हता तिकडं.

धम्मदीप स्वतः आला, पाईपाच्या तोंडात बॅटरी मारून बघितली. "पाईप सतरा फूट. माझ्या हातानं कापलेत. आणि स्प्रिंग गेली चौतीस." त्यानं कपाळ खाजवलं. "मधी कुठंतरी जोड सुटला असंल. भिंतीत वेटोळं होऊन राहिलं."

"भिंतीत जागा कुठं आहे वेटोळ्याला?"

"तेच म्हणून राहिलो मी पण." तो हसला. त्याला भीती वाटली नव्हती, राग आला होता, स्वतःच्या कामाचा.

त्यानं स्प्रिंग ओढून घेतली. सगळी नीट बाहेर आली. टोकाच्या आकड्याला काहीतरी पांढरं अडकलं होतं, बोटभर. त्यानं ते झटकून टाकलं. "जुनी सुतळी. त्या बुजवलेल्या भोकातली असंल."

तो पाणी प्यायला गेल्यावर शिवकांतानं ते उचललं. सूत होतं. ओलसर, मातीचा वास येणारं. तिनं ते दोन बोटांत धरून उलगडून पाहिलं.

पीळ उलटा होता.

भोकात एखादा तुकडा राहिला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. तीन वर्षं भिंतीत राहिला म्हणून ओल आली असेल. सांगितलं आणि ते तिला पटलंही. पटेना ते एवढंच, की भोक बुजवताना तिनं आतून बोट फिरवून बघितलं होतं. आत काही नव्हतं.

४

तो एक तास असा होता.

आत्याबाईंना वाचा यावी म्हणून शिवकांतानं व्रत धरलं होतं. एक्केचाळीस दिवस, रोज सकाळी तासभर, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन जप करायचा, आणि लिंग तळहातावर असेतो जागचं उठायचं नाही. उठलं की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मठातल्या स्वामींनी असं काही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, होईल तेवढं कर बाळ. मोजणीचं तिनं आपल्याच मनानं ठरवलं होतं. देवाला कमी पडायला नको, असं तिला वाटायचं.

पहिल्यांदा नवव्या दिवशी घंटा वाजली. ती उठली. आत्याबाईंना पाणी हवं होतं. पुन्हा पहिल्या दिवसापासून. दुसऱ्यांदा तेविसाव्या दिवशी. उशी सरकली होती. पुन्हा पहिल्या दिवसापासून. तिसऱ्यांदा ती अडतिसाव्या दिवसापर्यंत आली. त्या सकाळी तिनं त्यांना चहा पाजला, अंथरूण बदललं, उशी नीट केली, पाण्याचा घोट दिला. मग स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसायच्या आधी तिनं घंटेकडं पाहिलं.

एक तास. त्यांच्यासाठीच तर चाललंय.

तिनं सुरगाठीचं टोक ओढलं. दोरी कडीतून सुटली. ती तिनं शेवटच्या हुकावर नुसती टाकून ठेवली.

पूजा छान झाली. अशी पूजा पूर्वी कधी झाली नव्हती. मधे एकदा छताशी काहीतरी सरपटल्यासारखं झालं. पाल असेल.

लिंग गळ्यात घालून ती उठली तेव्हा शेवटच्या हुकावर दोरी नव्हती. कुठल्याच हुकावर नव्हती. आत्याबाई खाटेवर भिंतीला टेकून अर्धवट उठून बसल्या होत्या, कशा उठल्या कोण जाणे. डोळे दाराकडं. आणि मांडीवर दोरीचा ढीग, सगळी अकरा हात, एका हातानं ओढून ओढून घेतलेली. टोक मुठीत.

मयताची अंघोळ तिनं एकटीनं घातली, वर शाल पांघरली, मग बायकांनी विचारलं, मुठीत काय आहे. शिवकांता म्हणाली, लिंगाचा दोरा आहे, असू द्या. आपल्यात माणसाला बसवून पुरतात, लिंगासकट. तसंच बसवलं. शालीखाली, मांडीवर, ती दोरी तशीच राहिली. कुणाला दिसली नाही.

नंतर उमाशंकरनं विचारलं होतं, घंटा वाजली नाही का गं? ती म्हणाली, झोपेतच गेल्या.

५

दुसऱ्या दिवशी धम्मदीपनं पाईपाची परीक्षा घेतली. एका तोंडातून फुंकर मारली, दुसऱ्या तोंडाशी धरलेली कापसाची वात हलली. पाईप मोकळा होता. जोड सुटलेला नव्हता. स्प्रिंगही सतरा फुटांवर शहाण्यासारखी बाहेर आली.

"बघा, कालचं काय होतं कुणास ठाऊक. काल माझंच डोकं ठिकाणावर न्हवतं." त्यानं स्प्रिंगच्या टोकाला लाल वायर बांधली. "आता एक करा काकू. तुम्ही इथं उभ्या राहा. हे वेटोळं हातात धरा आणि सैल सोडत राहा, पीळ पडू देऊ नका. मी तिकडून ओढतो. मेन बंद हाय, घाबरायचं काम न्हाई."

सकाळचे साडेदहा. खिडकीतून ऊन ओट्यावर आलेलं. शिवकांता वायरचं वेटोळं घेऊन बोर्डापाशी उभी राहिली. त्यांच्या घरात पुरुषमाणसाच्या कामात हात लावायची वेळ तिच्यावर फारशी आली नव्हती, तिला जरा गंमतही वाटत होती.

वायर ओढली गेली. तिनं सोडली.

थांबली.

पुन्हा ओढली गेली, थोडीशी.

दमला वाटतं, तिच्या मनात आलं. मग पुन्हा एकदा लांब ओढ. थांबणं. आखूड ओढ. वायर तिच्या बोटांतून जात होती, गुळगुळीत, लाल. एकदा लांब. थांबणं. एकदा आखूड. तिच्या हाताला ते तिच्याआधी कळलं. सोडू नये असं वाटलं, पण सोडली नाही तर ती ओढ वाढायची नाही, नुसती वाट बघत थांबायची. त्या थांबण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ती सोडत राहिली. वेटोळं निम्म्यावर आलं.

"काकू, आता करायची का सुरुवात?"

आवाज मागून आला. धम्मदीप परसाकडच्या दारात उभा होता, रुमालानं तोंड पुसत. "हौदावर जाऊन आलो जरा. धुळीनं डोळे चुरचुरून राहिले."

शिवकांतानं त्याच्याकडं पाहिलं आणि मग हाताकडं. वायर स्थिर होती.

"तू... ओढत नव्हतास?"

"मी अजून तिकडं गेलोच न्हाई."

त्यानं वेटोळं पाहिलं. खोलीत गेला, परत आला. "तिकडं तोंडातून बाहेर काही न्हाई. स्प्रिंगचं टोकसुद्धा." त्यानं वायर धरून मागं ओढली. आली नाही. जोर लावला. तरी नाही. भिंतीत कुणी तरी ती नीट, न ताणता, धरून ठेवली होती.

धम्मदीपनं वायर सोडून दिली आणि हात पँटला पुसला. "माझा असल्या गोष्टींवर विश्वास न्हाई काकू," तो म्हणाला. तिनं काही विचारलं नव्हतं.

६

जेवताना उमाशंकर म्हणाला, "भिंतीत उंदीर असतील."

"उंदीर वायर ओढतो का सतरा फूट?" धम्मदीप ओसरीवर डबा खात होता, तिथूनच म्हणाला.

"मग तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार. माझं म्हणणं, ते पाईप सोडून देऊ. बिनवायरची बेल मिळती आता. बटण ताईच्या उशाशी चिकटवायचं, बेल इकडं. भिंतीचा संबंधच न्हाई. दोन्ही पेट्यांना वरून कोरी पट्टी मारून टाकतो, वायर आतल्या आत राहू द्या. सकाळी पट्ट्या आणतो."

"झालं तर. मिटलं." उमाशंकरनं ताक घेतलं. "आणि वरून ती फ्रेम लावून टाकायची. अक्षरा उद्या दुपारच्या गाडीनं येतीय. तिच्या सासूला पण दाखवू."

शिवकांता वाढत होती. पळी हातात तशीच राहिली. पुन्हा बुजवायचं. पुन्हा वर फ्रेम. आणि भिंतीपलीकडं माझी पोर झोपणार, पोटातल्या जिवासकट.

"अहो," ती म्हणाली.

"हं?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. साधा माणूस. आईच्या फोटोला रोज दुकानात जाताना हात लावून जायचा. तीन वर्षं तो लोकांना सांगत आला होता, माझी आई शेवटपर्यंत एकटी पडली नाही.

"भात घेता का अजून?"

कस्तुराबाई संध्याकाळी आल्या, अक्षरासाठी डिंकाचे लाडू घेऊन. खोलीत डोकावून म्हणाल्या, "गंगम्माची खोली. भाग्याची म्हातारी, अशी सेवा कुणाच्या नशिबात असती." शिवकांतानं त्यांना चहा दिला. खोलीचं दार तिनं ओढून घेतलं.

७

अक्षराच्या सुखरूप बाळंतपणासाठी शिवकांतानं व्रत धरलेलं होतं. तेच. एक्केचाळीस दिवसांचं. त्या सकाळी अडतिसावा दिवस होता.

उमाशंकर पुढच्या ओसरीवर फ्रेमची काच पुसत बसला होता. शिवकांता न्हाऊन आली, मोतिया रंगाचं लुगडं नेसली, कपाळाला विभूती लावली, पाटावर बसली. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. नजर लिंगावर. ॐ नमः शिवाय.

बोर्डातून बाहेर राहिलेली वायर तिच्या उजव्या हाताला लोंबत होती, उरलेलं वेटोळं जमिनीवर. तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघायला लागलंच नाही. फरशीवर वेटोळं फिरल्याचा आवाज आला.

एकदा लांब.

ॐ नमः शिवाय.

एकदा आखूड.

तीन दिवस राहिलेत. आज उठलं तर पहिल्यापासून, अडतीस दिवस पाण्यात. लेकीचं काही कमी-जास्त झालं तर? वायर आत चालली होती, हळू, दमत दमत. तिनं जपाचा आवाज वाढवला. वाढवला आणि तिला स्वतःचाच तो आवाज ओळखू आला. असाच वाढवला होता. तेव्हाही.

पाल नव्हती ती. चार हुकांवरून सूत घासत जाताना कसा आवाज येतो हे चार वर्षं ऐकलेल्या बाईला कळणार नाही का?

वेटोळ्याचा शेवटचा फेर उठला.

शिवकांतानं लिंगावर मूठ मिटली आणि ती उठली. "आले आत्याबाई," म्हणाली. "आले, आले." मधलं घर ओलांडून ती धावली, पूर्वी धावायची तशी.

खोलीत कुणी नव्हतं. खाटेवर अक्षरासाठी घातलेली नवी चादर. पाईपाच्या तोंडातून लाल वायर बाहेर आलेली, आणि चादरीच्या मधोमध तिचा ढीग, एकावर एक फेर, कुणी मांडीवर गोळा करावा तसा. ढिगाखाली गादी दबलेली होती. हात लावला तर ऊबदार.

ती खाटेवर भिंतीला टेकून बसली. काय करावं कळेना. लिंग उजव्या मुठीत घेऊन भिंतीतून आलेलं वायरचं टोक तिनं डाव्या हातात धरलं आणि, मी आलेय हे सांगावं म्हणून, ओढलं. एकदा लांब. एकदा आखूड.

पलीकडं ती बांधलेली होती. बांधलेलीच होती, हाताला ताण लागला. आणि मग पलीकडं कुणीतरी सोडली. एका ओढीत सुटणारी गाठ सुटावी, तशी.

वायर सैल येऊ लागली. ती ओढत गेली, वायर येत गेली, मांडीवर गोळा होत येतच गेली, वजन नसलेली. तिनं मान वाकवून दारातून पाहिलं. मधल्या घराच्या पलीकडं स्वयंपाकघराचं दार सरळ रेषेत, आणि त्यात देवघराचा कोपरा. पाटावर एक पाठ होती. मोतिया लुगडं, ओल्या केसांचा अंबाडा. डावा हात पुढं धरलेला. जप चालू.

शिवकांतानं हाक मारली. जबडा हलला, आवाज आला नाही.

पुन्हा मारली. तेव्हा तिकडचा जप एक क्षण थांबला. त्या बाईनं ऐकलं होतं. मान जराशी, केसभर, वळल्यासारखी झाली.

मग जप पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठ्यानं.

वायरचं शेवटचं टोक तिच्या मुठीत आलं.

८

"अहो काकू, तुम्ही इथं?"

धम्मदीप दारात उभा होता, हातात दोन कोऱ्या पट्ट्या आणि पेचकस. तिच्याकडं बघत होता आणि मधूनच मागं, स्वयंपाकघराकडं.

"आत्ता मागच्या दारानं आलो तर तुम्ही पूजेला बसल्या होत्या. म्हणून आवाज दिला न्हाई. म्हटलं कशाला उठवायचं." त्याचा आवाज बारीक होत गेला. "आणि हे... हे एवढं कुणी ओढलं?"

त्याच्या मागून उमाशंकर आला. फ्रेम छातीशी धरलेली, काच लखलखीत. "खिळा आहे का रे तुझ्याकडं चांगला? अक्षरा यायच्या आत लावून टाकू." मग त्यालाही दिसली, खाटेवर भिंतीला टेकून बसलेली बायको, मांडीवरचा लाल ढीग, मुठीतलं टोक. तीन वर्षांपूर्वी याच दारातून त्यानं आपल्या आईला असंच भिंतीला टेकून, मूठ मिटून बसलेलं बघितलं होतं. फ्रेम त्याच्या हातात खाली खाली आली.

"शिवकांता?"

तिनं तोंड उघडलं. बराच वेळ नुसता श्वास आला. तिला वाटलं, आता येणार नाही, कधीच येणार नाही. लिंग तिच्या उजव्या मुठीत होतं, ते तिनं घट्ट धरलं, आणि मग आवाज फुटला, चिरका, परका, पण तिचाच.

"ते भोक खिळ्याचं नव्हतं," ती म्हणाली. "फ्रेम लावू नका. मी सोडली होती दोरी, पूजेत घंटा नको म्हणून."

स्वयंपाकघरात काहीच वाजत नव्हतं.

"आणि मला ऐकू येत होतं," शिवकांता म्हणाली. "त्या ओढत होत्या, तेव्हा मला ऐकू येत होतं."